मदुराईत घडलेले भिंग

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या 58व्या वर्षी, डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी मदुराईत 11 खाटांचे नेत्र रुग्णालय थाटले. साल 1976. तरुणपणी जडलेल्या संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. एके काळी लेखणीसुद्धा धरवत नसे. त्याच बोटांना शस्त्र धरायची सवय लावून त्यांनी हजारो मोतीबिंदू काढले. श्री अरविंदांवर त्यांची श्रद्धा, म्हणून रुग्णालयाचे नाव अरविंद.

डोळ्याच्या बाहुलीमागचे भिंग वयोमानाने गढूळ होते, तो मोतीबिंदू. थेंबांनी ते निवळत नाही, काढावेच लागते. पूर्वी ते काढून रुग्णाला जाडजूड चष्मा देत. शेतावर किंवा एसटीत तो फुटला की म्हातारा माणूस पुन्हा चाचपडायला मोकळा! डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवण्याची वाट 1949 मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी दाखवली. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण रुतले, तरी डोळा त्यांना सोसतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. मात्र परदेशी भिंग गरिबाला परवडणारे नव्हते. अरविंदने 1992 मध्ये ऑरोलॅब काढली, भिंगे मदुराईतच घडू लागली आणि किंमत कितीतरी पटींनी उतरली. माझ्या मते संस्थेचे सर्वांत मोठे काम हेच. मोफत शस्त्रक्रिया इतरांनीही केल्या. गरिबाच्या डोळ्यात भिंग बसणे ही नेहमीची गोष्ट इथे झाली.

शस्त्रक्रियागृहात एका सर्जनसाठी दोन टेबले असतात. एकावर काम चालू असताना दुसऱ्यावरच्या रुग्णाची तयारी होते. पहिले आटोपताच सर्जन सूक्ष्मदर्शक वळवतो. ही तयारी करणाऱ्या बहुतेक मुली खेड्यापाड्यांतल्या, संस्थेनेच शिकवलेल्या. गावोगावच्या शिबिरांत फक्त तपासणी होते. शस्त्रक्रियेसाठी रुग्णांना बसने रुग्णालयात आणतात. ऐपत असलेले पैसे भरतात, त्यातून इतरांचा खर्च निघतो.

आपल्याकडे मात्र अजून ऐकू येते, ‘पिकू दे, मग काढू.’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता वाचणे, स्वयंपाक, रस्ता ओलांडणे अडू लागले की काढून घ्यावा. फार पिकलेला मोतीबिंदू टणक होतो, काढायला अवघड जातो आणि कधी डोळ्यातला दाबही वाढवतो.

काचबिंदूचे तसे नाही. त्यात बहुधा डोळ्यातल्या दाबाने दृष्टीची नस झिजते, कडेचे दिसणे हळूहळू जाते, दुखत काहीच नाही. गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया उरलेली तेवढी राखतात. थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात आणि बरे वाटते म्हणून बंद करून चालत नाही. उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजला तर सरळ रेषा वाकड्या दिसतात; त्यातल्या एका प्रकाराला डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनने आवर बसतो, पण ते वेळेवर हवे. मधुमेहाने पडदा बिघडतो तोही असाच गुपचूप.

म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर काढून थांबू नका. चाळिशीनंतर ठरावीक काळाने, आणि मधुमेह असेल तर दरवर्षी, नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यातला दाब आणि पडदा तपासून घ्या. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर त्यांच्या भावंडांना आणि मुलांनाही घेऊन जा.