सडपातळ देहातील मधुमेह

"माझे वजन तर बेताचेच आहे, मला कसला मधुमेह?" हे वाक्य आपणा प्रत्येक डॉक्टरच्या कानांवरून गेलेले असेल. बोलणाऱ्याची चूक नाही. वजनकाटा त्याला तेच सांगत असतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपला देह वरकरणी सडपातळ असला तरी त्यात स्नायू कमी आणि मेद अधिक असतो. पोटात व यकृतात साठलेला हा मेद इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. शिवाय स्नायू कमी म्हणजे जेवणानंतरची साखर सामावून घेणारे कोठारच लहान. म्हणून काट्यापेक्षा मोजपट्टीवर विश्वास ठेवावा. पोटाचा घेर पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा. पँटचा नंबर येथे उपयोगाचा नाही, कारण पट्टा बहुधा पोटाखाली घसरलेला असतो.

धोका दिसल्यावर करायचे काय? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांचा २००६ सालचा अभ्यास याचे उत्तर देतो. ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर १४० ते १९९ च्या दरम्यान असलेल्या ५३१ व्यक्ती त्यात होत्या. तीन वर्षांत नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार सुधारून रोज किमान अर्धा तास झपझप चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते ४०.५ टक्के होते. विशेष म्हणजे चालणाऱ्यांचे वजन फारसे घटले नव्हते. वजन हलेना म्हणून फिरणे सोडणाऱ्या रुग्णांना हे आवर्जून सांगावे.

इंदूरकराला पोहे-जिलबी सोडा म्हणणे व्यर्थ आहे, आणि तसे सांगणारा डॉक्टर स्वतः कोठे नाश्ता करतो हेही लोकांना ठाऊक असते! पोहे राहू द्यावेत. त्यावर शेवेऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ घ्यावी, जिलबी सणावारी. खरी अडचण रात्रीच्या सराफ्याची आहे. दहानंतर गराडू, जिलबी, रबडी खाऊन लगेच अंथरुणाला पाठ टेकणे स्वादुपिंडाला जड जाते. जायचेच तर लवकर जावे, एक पदार्थ चौघांत वाटून घ्यावा आणि राजवाड्याभोवती दोन फेऱ्या मारूनच गाडी काढावी. चालताना स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर किंवा वजने उचलणे असावे.

आईवडिलांपैकी कोणालाही मधुमेह असल्यास तिशीपूर्वीच तपासणी सुरू करावी, आणि केवळ उपाशीपोटी नव्हे. आपल्याकडे साखर अनेकदा आधी जेवणानंतरची वाढते. गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रियांनी प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोज चाचणी करावी. बाळाच्या लसीकरणाला ती न चुकता येते. तिची स्वतःची चाचणी त्याच फेरीत उरकून घेता येईल.