रसायन-अभियांत्रिकीचा अर्ज भरण्यापूर्वीं



गेल्या जून महिन्यांतील एका संध्याकाळीं, भाईंदरला आमच्याच इमारतींत राहणारे एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली, प्रवेशपरीक्षेचा निकालही हातीं आलेला. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हिला केमिकल इंजिनियरिंगला जायचें आहे. रसायनांत हिला गुण चांगले आहेत, तेव्हां हरकत नसावी. पण म्हटलें, फॉर्म भरण्यापूर्वीं आपणांस एकदां विचारावें." मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं, आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें, एवढाच माझा अधिकार. परंतु "रसायनांत गुण चांगले, म्हणून रसायन-अभियांत्रिकी" हें वाक्य ऐकलें कीं माझ्या पोटांत गोळा येतो. त्याचें कारण आधीं सांगून टाकतों.

पंचवीसएक वर्षांपूर्वीं माझा एक विद्यार्थी दहावीनंतर भेटावयास आला. विज्ञानांत हुशार, पण गणिताची त्याला मोठी धास्ती. मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "अरे, तुला रसायनाची गोडी आहे, तूं रसायनाच्या इंजिनियरिंगला जा, गणित नको वाटत असेल तर अकरावीला जीवशास्त्र घे." माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यानें गणित सोडलें. दोन वर्षांनीं तो अर्ज करावयास गेला, तेव्हां गणित नसल्यामुळें त्याला अर्जच करतां येईना. तो मला एक शब्दही बोलला नाहीं. पुढें बी.एस्सी. झाला, नोकरीस लागला, आजही दिवाळीला पाया पडावयास येतो. आणि दर दिवाळीला मला तो न भरलेला अर्ज आठवतो. तेव्हांपासून ह्या विषयाची माहिती मिळविण्याचा मीं नादच घेतला. त्यांतील थोडी आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

ही विद्या म्हणजे काय, हें समजण्यासाठीं आम्हां भाईंदरकरांना दूर जावें लागत नाहीं. येथील मिठागरें ज्यांनीं नीट पाहिलीं असतील, त्यांनीं तिचा पहिला धडा पाहिलेला आहे. भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें. समुद्राच्या हजार भाग पाण्यांत सुमारें ३५ भाग क्षार असतात. हें पाणी एका उथळ वाफ्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असें फिरवीत न्यावयाचें. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात व खारेपणा वाढत जातो. हा खारेपणा मोजण्याचें मान बोमे नामक फ्रेंच रसायनज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें. त्या मानानें समुद्राचें पाणी सुमारें ३ अंशांचें. पाणी आटत असतां मिठाच्या आधीं जिप्सम तळाशीं बसतें. खरें मीठ पडूं लागतें तें २५ अंशांच्या आसपास. पुढें २९-३० अंशांपलीकडे जाऊं दिलें, तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठांत मिसळतात. म्हणून उरलेलें कडवट पाणी वेळींच सोडून द्यावें लागतें.

आतां मी त्या मुलीस विचारलें, "बाळ, ह्यांत रासायनिक क्रिया कोठें झाली?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कोठेंच नाहीं, गुरुजी. मीठ आधींही मीठच होतें." अगदीं बरोबर. आणि तरीही वाफा किती उथळ असावा, पाणी त्यांत किती काळ ठेवावें, केव्हां पुढें सोडावें आणि केव्हां फेंकून द्यावें, हा सर्व विचार म्हणजेच रसायन-अभियांत्रिकी होय. आगरांत राबणाऱ्या माणसास हें पाण्याच्या रंगावरून व हाताच्या अनुभवानें कळतें; अभियंत्यास तें आंकड्यांनीं सांगतां आलें पाहिजे, आणि वाफ्याऐवजीं बंद पोलादी भांडें असलें तरी सांगतां आलें पाहिजे.

इंग्लंडांत मँचेस्टर येथें जॉर्ज डेव्हिस नांवाच्या गृहस्थांनीं १८८७ सालीं बारा व्याख्यानें देऊन हीच दृष्टि मांडली. मिठाचा कारखाना, रंगाचा कारखाना, साबणाचा कारखाना हे दिसावयास निरनिराळे. परंतु आंत चाललेल्या क्रिया पाहिल्या तर त्याच त्या: तापविणें, आटविणें, गाळणें, उकळून वेगळें करणें, वाळविणें, दळणें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्यें ह्या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरूं झाला. तात्पर्य, रसायनशास्त्र पदार्थ कसा बनतो हें सांगतें. तो टनावारी, ठरल्या किंमतींत आणि कोणाचा जीव न घेतां कसा बनवावा, हा अभियंत्याचा प्रश्न.

"जीव न घेतां" हे शब्द मीं मुद्दाम घातले. परीक्षानळींतील कृति मोठी केली कीं कारखाना होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती घातक आहे, हें साध्या गणितानें दिसतें. एखाद्या चौकोनी भांड्याची प्रत्येक बाजू दसपट केली, तर त्यांत मावणारा माल हजारपट होतो. पण ज्या पृष्ठभागांतून उष्णता बाहेर जावयाची, तो मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक तुकड्यावर दसपट उष्णतेचा भार. परीक्षानळी हातांत कोमट लागते. तेंच मिश्रण मोठ्या भांड्यांत, थंड करण्याची सोय नसेल तर, भडकूं शकतें. भोपाळ येथें डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीं विषारी द्रव्याच्या टांकींत पाणी शिरलें. टांकी थंड ठेवणारी यंत्रणा तेव्हां बंद होती. पुढचें सर्वांस ठाऊक आहे.

हें ऐकतांच मुलीचे वडील अस्वस्थ झाले. मे २०२४ मध्यें डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत झालेला स्फोट त्यांच्या मनांत ताजा होता. "म्हणजे मुलीला असल्या ठिकाणीं पाठवावयाचें?" मीं म्हटलें, भीति खरी आहे, परंतु ज्या भांड्याची अशी भीति वाटते, त्याची उष्णता मोजणारें माणूस तेथें असावें कीं नसावें? त्यावर ते कांहीं बोलले नाहींत. बोलली ती मुलगी: "बाबा, मी ऑफिसांत बसण्यासाठीं शिकत नाहीं." हें वाक्य मला चांगल्या गुणांपेक्षां अधिक मोलाचें वाटलें. जिला यंत्राजवळ उभें राहावयाचें नाहीं, तिनें ह्या वाटेस न जाणेंच बरें.

आतां अर्जाकडे वळूं. आपल्या राज्याची जी सामाईक प्रवेशपरीक्षा आहे, ती एकंदर २०० गुणांची. तींत भौतिकाला ५०, रसायनाला ५० आणि गणिताला १००. म्हणजे रसायनाच्या अभियंत्याची निवड करतांना रसायनाला चौथाई वजन आणि गणिताला निम्में! माझ्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट मी एवढ्या विस्तारानें कां सांगितली, तें आतां ध्यानीं येईल. प्रश्नांपैकीं सुमारें वीस टक्के अकरावीच्या अभ्यासावर असतात आणि चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहींत. तेव्हां एकही प्रश्न कोरा ठेवणें म्हणजे निव्वळ तोटा. देशपातळीवरील जेईई मेन परीक्षेंत मात्र चूक महागांत पडते. तेथें तिन्ही विषय समान. ती परीक्षा देणाऱ्यांपैकीं वरचे सुमारें अडीच लाख विद्यार्थीच पुढच्या, म्हणजे अॅडव्हान्स्ड परीक्षेस बसूं शकतात, आणि पवईच्या आय.आय.टी.सारख्या संस्थांचा रस्ता तिच्यांतूनच जातो.

निकालांत जो आंकडा येतो, तो गुणांचा नव्हे, पर्सेंटाइलचा. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत नव्वद गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकीं शेंकडा नव्वद आपल्या बरोबरीचे किंवा मागें आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लाखों मुलें बसतात तेथें उरलेले शेंकडा दहा म्हणजेही केवढी रांग, हें घरोघरीं आधींच सांगून ठेवलें म्हणजे पेढे वांटण्यांत घाई होत नाहीं.

ह्या विद्येसाठीं मुंबईकडचीं मुलें प्रथम नांव घेतात तें माटुंग्याच्या संस्थेचें. १ ऑक्टोबर १९३३ रोजीं मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून तिची सुरुवात झाली. तेव्हां येथील कापडगिरण्यांना रंगाचें व कापडाचें रसायन जाणणारीं माणसें हवीं होतीं. जुनीं माणसें तिला अजून यूडीसीटी म्हणतात. २००८ पासून ती स्वतंत्र अभिमत विद्यापीठ असून नांव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेले व मुंबईंत हलाखींत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर येथेंच १९६६ सालीं रसायन-अभियंते झाले, १९६९ सालीं डॉक्टर झाले, आणि पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे व नंतर देशांतील साऱ्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले. (आमच्या शेजाऱ्यांना ह्या संस्थेविषयीं एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे मुकेश अंबानी तेथें शिकले! असो.) माटुंग्याच्या जागांपैकीं सत्तर टक्के राज्याच्या परीक्षेवरून आणि तीस टक्के जेईई मेनवरून भरतात, म्हणून जिचें मन तेथें लागलें आहे, तिनें दोन्ही परीक्षा द्याव्या.

पण माटुंगा म्हणजेच सर्व कांहीं नव्हे. नागपुरास कामठीचे रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनीं आपली संपत्ति विद्यापीठास लिहून दिली. तिच्यांतून १९४२ सालीं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि २०२३ पासून तेंही स्वतंत्र विद्यापीठ आहे. कोंकणांत लोणेरें येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुलीस घरापासून दूर ठेवण्याची तयारी असेल, तर यादी बरीच लांब होते.

ही यादी म्हणजेच पसंतिक्रमाचा अर्ज, आणि घरोघरीं खरी चूक होते ती येथें. आमच्या शेजाऱ्यांनीं कागदावर क्रम लिहून आणला होता. पहिल्या क्रमांकावर घराजवळच्या एका महाविद्यालयाची संगणक शाखा, कारण "ती मिळण्यासारखी आहे", माटुंग्याची रसायन-अभियांत्रिकी तिसरी, कारण "ती कुठली मिळायला!" मीं म्हटलें, अहो, हें बाजारांतील घासाघिशीसारखें नाहीं. यंत्र तुमच्या गुणवत्तेच्या क्रमानें तुमची यादी वरून खालीं वाचीत जातें आणि जेथें पहिली जागा मोकळी सांपडेल ती देतें. न मिळणारी जागा वर लिहिल्यानें खालची जागा हातची जात नाहीं. परंतु नको असलेली जागा वर लिहिली आणि ती मिळाली, तर मात्र पंचाईत. २०२५ च्या प्रवेशांत चार फेऱ्या होत्या आणि नियम असा होता कीं, पहिल्या फेरींत पहिल्या क्रमांकाची, दुसरींत पहिल्या तिहींपैकीं, तिसरींत पहिल्या सहांपैकीं जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागे. पुढच्या फेरीचा दरवाजा बंद. असले नियम दरसाल बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरांतील एका वडील माणसानें तरी सगळी वाचावी. मुलें वाचीत नाहींत, हा माझा जुना अनुभव आहे.

दाखल्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमीलेयर, जात-वैधता हे कागद निकालाची वाट न पाहतां अकरावीपासूनच जमवूं लागावे. जात-वैधतेला विशेषतः वेळ लागतो. आणि एक गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊक नसते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास ह्या वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क राज्य सरकारनें २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलें आहे. शेजाऱ्यांचें कुटुंब ह्यांत बसत होतें, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता! फीच्या काळजीनेंच त्यांनीं घराजवळचें महाविद्यालय वर लिहिलें होतें, हें तेव्हां उघड झालें.

मुलीनें तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूस नवी यादी लिहिली. वर माटुंगा, मग नागपूर, मग लोणेरें, आणि पुढें आणखी सात-आठ ठिकाणें, सर्व रसायन-अभियांत्रिकीचीं. संगणक शाखा अगदीं शेवटीं, वडिलांच्या समाधानासाठीं. माटुंगा मिळालें नाहीं. पहिल्या फेरींत कांहींच आलें नाहीं, तेव्हां वडील दोन रात्रीं झोपले नाहींत. तिसऱ्या फेरींत जागा मिळाली ती घरापासून लांब, वसतिगृहांत राहावें लागेल अशी, पण तिला हव्या त्याच विद्येची. जातांना ती पाया पडावयास आली, आणि माझ्याकडून अकरावीच्या गणिताचें एक जुनें पुस्तक मागून घेऊन गेली.