घाटाची ओढ

उज्जैनच्या रामघाटावर छत्रीखाली बसलेले पंडे आधी गाव विचारतात, नाव नंतर. गाव कळलं की कापडात बांधलेली लांबट वही निघते, पानं सरसर उलटतात आणि पूर्वी घरचं कुणी इथे येऊन गेलं असेल तर पणजोबा, खापरपणजोबा नावानिशी समोर येतात. भूगोलाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा असं हे दप्तर: कुठल्या गावाला क्षिप्रेची ओढ होती, त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद.

ओढ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ती मोजता येते! विल्यम रायली या अमेरिकी अभ्यासकानं 1931 साली सांगितलं की मधल्या गावाला दोन्हीकडची शहरं बाजारहाटासाठी ओढतात. ही ओढ लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे न्यूटनचं सफरचंदच पिशवी घेऊन किराणा आणायला निघालं म्हणायचं.

करून बघू. 2011च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या आसपास, उज्जैन पाच लाखांच्या. चौपट. चाराचं वर्गमूळ दोन, म्हणून मधल्या सुमारे 55 किलोमीटरपैकी दोन वाटे इंदूरचे आणि एक उज्जैनचा. उज्जैनहून जेमतेम 18 किलोमीटर गेलं की इंदूरची सत्ता सुरू. याच रस्त्यावरचं सांवेर त्या रेषेपलीकडे पडतं, आणि सांवेर तहसील आहे इंदूर जिल्ह्यात. हद्द काही रायलीला विचारून आखलेली नाही, तरी मौज वाटतेच.

पण उज्जैन कायम धाकटं नव्हतं. ग्रीक दर्यावर्दी त्याला ओझेने म्हणत. इथला माल भडोचच्या बंदरातून समुद्रापार जाई. राणोजी शिंद्यांची राजधानी इथेच होती, आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. गाव होतं तिथेच राहिलं, दरबाराच्या वाटा तेवढ्या दुसरीकडे वळल्या.

आणि बारा वर्षांनी एकदा, गुरू सिंहेत आला की, रायलीचं गणित पार कोलमडतं. सिंहस्थाच्या महिन्यात पाच लाखांच्या या शहराकडे कोट्यवधी लोक निघतात. इंदूर तेव्हा निव्वळ वाटेवरचं स्टेशन. आपण लोकसंख्या मोजली होती, पण यात्रेकरूला ओढणारं वजन वेगळंच असतं, आणि ते कुठल्याच जनगणनेत सापडत नाही.

2016च्या सिंहस्थात तर नदीसुद्धा लांबून आली. क्षिप्रेला पुरेसं पाणी नव्हतं. 2014 मध्ये सुरू झालेल्या जोडप्रकल्पानं नर्मदेचं पाणी पंपांनी सुमारे 350 मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडलं. तिथून पुढे मात्र ते खऱ्या गुरुत्वाकर्षणानं, उतार धरून, रामघाटाच्या पायऱ्यांपर्यंत पोचलं. भाविकांनी डुबकी मारली, तांबे भरले, आणि घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवले, क्षिप्रेचं पाणी म्हणून.