खोलीसुद्धा शिळी होते!

मित्रांनो, एक सोपा प्रश्न. तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात आज एक साबणाची वडी विकली गेली नाही, तर काय बिघडतं? काहीच नाही. ती उद्या विकली जाईल, नाहीतर परवा. आता भाजीवाल्या मावशींकडे चला. कोथिंबिरीची जुडी संध्याकाळपर्यंत खपली नाही, तर मावशी ती निम्म्या भावात देऊन टाकतात. कारण सकाळपर्यंत ती सुकणार!

आता तिसरा प्रश्न. हॉटेलातली खोली आज रात्री रिकामी राहिली, तर? तुम्ही म्हणाल, "त्यात काय? उद्या देता येईल की!" इथंच तर गंमत आहे. उद्या दिली जाईल ती उद्याची रात्र. आजची रात्र संपली की ती कुणालाच विकता येत नाही. म्हणजे खोली ही कोथिंबिरीपेक्षाही नाजूक. रोज सकाळी ती शिळी होते! पर्यटन आणि हॉटेल व्यवसायाचं अर्धं गणित या एका गोष्टीत आहे, बरं का.

हॉटेल म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे चहा-भज्यांच्या टपरीपासून मिसळीच्या दुकानापर्यंत सगळ्यालाच 'हॉटेल' म्हणतात. खरं तर हॉटेल म्हणजे जिथं प्रवाशाला पैसे देऊन राहता येतं, ती जागा. एस.टी. स्टँडजवळ 'लॉजिंग-बोर्डिंग' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. लॉजिंग म्हणजे राहण्याची सोय आणि बोर्डिंग म्हणजे जेवणाची. यातल्या 'बोर्ड'चा शाळेतल्या फळ्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत जेवणाच्या टेबलालाही बोर्ड म्हणत, त्यावरून हा शब्द आला.

१९०० वर्षांपूर्वीची सोय

प्रवाशांना निवारा देणं ही काही साहेबानं आणलेली कल्पना नव्हे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात यानं केलेली दानं त्यात कोरून ठेवली आहेत. भरुकच्छ (म्हणजे आजचं भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक (म्हणजे आपलं नालासोपारा) इथं त्यानं प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहं बांधली. दमण, डहाणू, तापी अशा ठिकाणच्या नद्यांवर फुकट नावांची सोय केली. म्हणजे पाहा, रस्ता, नदी ओलांडण्याची सोय आणि रात्रीचा निवारा या तीन गोष्टी एकत्र लागतात, हे त्या काळीही लोकांना कळत होतं! पुढं अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्रांत धर्मशाळा आणि घाट बांधले, हे तर तुम्हांला ठाऊकच आहे.

मात्र धर्मशाळा हे दान होतं. त्याचा व्यवसाय केव्हा झाला? रेल्वे आली तेव्हा. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या गृहस्थांनी सुमारे ५०० लोकांना लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी खास रेल्वेगाडीनं नेलं. जाण्या-येण्याचं भाडं माणशी एक शिलिंग. "प्रवास तुम्ही करा, व्यवस्था आम्ही पाहतो" ही आजच्या सहल कंपन्यांची पद्धत अशा सहलींतून वाढत गेली.

ताज आधी, गेटवे नंतर

आपल्या मुंबईत १८६० च्या दशकात वॉटसन हॉटेल उभं राहिलं. त्याचा लोखंडी सांगाडा चक्क इंग्लंडमध्ये तयार करून जहाजानं इथं आणला होता! याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. भारतातला तो पहिला चित्रपटाचा खेळ. ती इमारत काळा घोडा भागात अजून उभी आहे.

त्यानंतर जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेल बांधलं. ते १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुकाराचा मोठा वाटा होता. पुष्कळांना वाटतं की गेटवे ऑफ इंडियाजवळ ताज बांधलं. खरं उलटं आहे! गेटवेचं उद्घाटन १९२४ साली झालं, म्हणजे ताज गेटवेपेक्षा २१ वर्षांनी थोरलं.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी याच हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा कर्मचाऱ्यांना बाहेर पडण्याच्या वाटा पाठ होत्या. तरीही कितीतरी जण मागं थांबले, पाहुण्यांना लपवलं, बाहेर काढलं. काहींनी त्यात आपले प्राण गमावले. 'हॉटेलात नोकरी' म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

न दिसणारे हात

हॉटेलात शिरल्यावर आपल्याला दिसतात ते स्वागतकक्षातले हसरे ताई-दादा. ते ओळखपत्र पाहतात, नोंद करतात, किल्ली देतात. पाहुणा परदेशी असेल, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते.

पण खरी धावपळ असते ती खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या विभागात. त्याला 'हाउसकीपिंग' म्हणतात. आधीचा पाहुणा सकाळी खोली सोडतो आणि दुपारी दुसरा येतो. तेवढ्या वेळात चादरी-अभ्रे बदलायचे, न्हाणीघर घासायचं, टॉवेल-साबण ठेवायचे, नळ-दिवे चालतात का ते बघायचं. कुणाचं काही विसरलं आहे का, म्हणून पलंगाखालीही वाकून पाहायचं! मग वरिष्ठ येऊन तपासतात आणि स्वागतकक्षाला निरोप जातो, "खोली तयार." अशा कितीतरी खोल्या एकेका माणसाच्या वाट्याला येतात. एका पलंगासाठी चादरींचे निदान तीन संच लागतात. एक पलंगावर, एक धुलाईत आणि एक कपाटात. याशिवाय स्वयंपाकघर, वाढपी, वीज-पाण्याची दुरुस्ती, धुलाई, पहारा, हिशेब हे सगळे आहेतच.

चला, एक गणित करू या. समजा, एका लॉजमध्ये २० खोल्या आहेत. ३० दिवसांच्या महिन्यात विकायला किती रात्री मिळाल्या? २० गुणिले ३०, म्हणजे ६००. त्यातल्या ३६० विकल्या गेल्या, तर लॉज ६० टक्के भरलं. उरलेल्या २४० रात्री शिळ्या झाल्या! पण पगार, दुरुस्ती, कर्जाचे हप्ते हा खर्च थोडाच ४० टक्क्यांनी कमी होतो? म्हणूनच मे महिन्यात खोल्यांचे भाव चढतात आणि गर्दी ओसरली की निम्म्यावर येतात. थेट मावशींच्या कोथिंबिरीसारखे!

माथेरानची कसोटी

एका गावाचं उदाहरण घेऊ. माथेरानला मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढं पायी किंवा घोड्यावर जायचं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं बांधली, ती १९०७ साली सुरू झाली. हॉटेलवाले, घोडेवाले, हमाल, चिक्की आणि चपला विकणारे, या सगळ्यांचं पोट येणाऱ्या पाहुण्यांवर आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात दरडी कोसळून रुळांचं फार नुकसान झालं आणि नेरळची गाडी बंद पडली. २०२० साली करोनाची टाळेबंदी आली, तेव्हा तर पाहुणेच थांबले. नेरळहून गाडी पुन्हा वर गेली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. हॉटेलातली एक खोली रिकामी राहिली, की बाहेर एक घोडा उभा राहतो, एक ओझं कमी मिळतं, चिक्कीचा एक पुडा दुकानातच राहतो. पर्यटन म्हणजे अशी साखळी असते.

याला दुसरी बाजूही आहे. पाहुणे फार झाले तर? पाणी पुरत नाही, कचरा साठतो, झाडं तुटतात. ज्या हिरवाईसाठी लोक येतात, तीच संपली तर पुढच्या वर्षी येणार कोण? म्हणून २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पाहुणे हवेत, पण डोंगराला पेलतील तेवढेच.

पालकहो, थोडं तुमच्याशी

"शिकून काय हॉटेलात काम करणार?" हे वाक्य अजून बऱ्याच घरांत ऐकू येतं. पण हे रीतसर शिक्षणाचं क्षेत्र आहे. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं १९५४ साली मुंबईत देशातली अशी पहिली संस्था सुरू झाली. ती आज दादरला आहे. अशा सरकारी संस्थांमध्ये बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. तिथं स्वयंपाक, स्वच्छता, हिशेब, आहारशास्त्र सगळं शिकवतात आणि पहिल्यापासून हातानं काम करायला लावतात. तासन् तास उभं राहायचं, दिवाळीत आणि रविवारी कामावर जायचं, चिडलेल्या पाहुण्याशीही शांतपणे बोलायचं. हे ज्याला जमेल, त्यानंच इकडं वळावं. मुलाला चार माणसांत रमायला आवडत असेल, तर मात्र त्याला हसू नका.

आणि मित्रांनो, तुम्हीही पाहुणे व्हाल तेव्हा एवढं करा. खोली सोडताना कचरा टोपलीत टाका, नळ-दिवे बंद करा, ओला टॉवेल गादीवर टाकू नका. आणि चादर बदलणाऱ्या काकांना किंवा मावशींना "थँक्यू" म्हणायला विसरू नका.

या सुट्टीत एक काम करा. तुमच्या गावातल्या लॉजच्या मालकांना भेटून नम्रपणे विचारा, "काका, गेल्या आठवड्यात तुमच्या किती खोल्या रिकाम्या राहिल्या?" मग वरचं गणित त्यांच्यासमोर करून दाखवा. आणि त्यांनी चहा पाजला, तर कप तुमचा तुम्हीच विसळून ठेवा!