वासोट्याचं जंगल ‘अनटच्ड’ दिसतं, पण ते तसं झालं कसं?

थंडी सुरू झाली की इन्स्टावर तेच रील फिरायला लागतं. धुक्यातून निघालेली लाँच, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मागे ड्रोनचा शॉट आणि खाली कॅप्शन, ‘माणसाचा स्पर्श न झालेलं जंगल’.

लोकेशन असतं साताऱ्यातलं वासोटा. कॅप्शनमधला शेवटचा भाग मात्र चुकीचा असतो.

आधी जायचं कसं ते बघू. साताऱ्याहून कास पठार ओलांडून बामणोली गाठायचं. तिथे ओळखपत्र दाखवून वनखात्याची परवानगी घ्यायची आणि लाँच ठरवायची. भाडं अख्ख्या लाँचचं असतं, त्यामुळे ग्रुप असला तर परवडतं. शिवसागर जलाशयातून तास-दीड तास गेलं की पलीकडे मेट इंदवली लागतं. तिथून पुढे कोयना अभयारण्य. बॅगेतल्या प्लास्टिकची मोजदाद होते, संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं आणि गडावर मुक्कामाला बंदी आहे. पावसाळ्यात ट्रेक बंद. चढ घनदाट झाडीतला आहे आणि वाटेत अस्वल, गवे असू शकतात, त्यामुळे ‘जरा आत जाऊन बघू’ हा प्रकार नको. वर गेल्यावर बाबुकड्यावरून खाली थेट कोकण दिसतं.

पोहोचणं अवघड, हाच वासोट्याचा जुना गुण. त्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. शिवकाळात राजापूरच्या वखारीतल्या इंग्रज कैद्यांना इथे ठेवलं होतं. १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला, तेव्हाही इथे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते आणि साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंबही होतं. थोडक्यात, ज्याला सहज बाहेर पडू द्यायचं नाही त्याला इथे पाठवायचं.

पण तेव्हा इथे यायला लाँच लागत नव्हती, कारण पाणीच नव्हतं. होतं ते कोयनेचं खोरं, त्यातली भातखाचरं आणि गावं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. धरणाची क्षमता आज १०५ टीएमसीच्या वर आहे. महाराष्ट्राला वीज मिळाली आणि खोऱ्यातल्या सुमारे शंभर गावांना उठावं लागलं. कुणी रायगड-ठाण्याकडे गेलं, कुणी सांगली-सोलापूरकडे. काही जण डोंगरात वर सरकले. १९८५ मध्ये उरलेल्या जंगलाचं अभयारण्य झालं आणि नियम आणखी कडक झाले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा लढा तिथून पुढे कित्येक दशकं चालला. श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकरांचं नाव बातम्यांत वाचलं असेल, ते याच आंदोलनांमुळे.

काठावर आजही लोक राहतात. मुख्यमंत्री असताना एकनाथ शिंदे हेलिकॉप्टरने ज्या दरे गावी जायचे, ते याच जलाशयाच्या काठावर आहे. पलीकडे कांदाटी खोऱ्यातली गावं आहेत. पर्यटकांची जी रोमँटिक राईड, तीच तिथल्या लोकांची एसटी. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं पाण्यापलीकडे. रात्री पोटात दुखायला लागलं तर काय करायचं, हा प्रश्न रीलमध्ये येत नाही.

जगात अशा जागा कमी नाहीत. कॅरिबियनमधलं डॉमिनिका बेट घ्या. तिथे पांढऱ्या वाळूचे लांबलचक किनारे फारसे नाहीत, आहेत ते ज्वालामुखीचे डोंगर, पावसाळी जंगल आणि उकळत्या पाण्याचं तळं. अंगात रग असलेले ट्रेकर तिकडे जातात. आकार जेमतेम ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे ११६५ चौरस किलोमीटरच्या आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापेक्षा लहान. तिथे मूळच्या कालिनागो लोकांसाठी १९०३ पासून राखीव प्रदेश आहे आणि ते आजही तिथेच राहतात. तिथलं राजकारण वेगळं, इतिहासही क्रूर, त्यामुळे सरळ तुलना नको. पण रानटी, देखणी जागा माणसांसकट असू शकते, एवढं त्यावरून कळतं.

व्याघ्र प्रकल्पाचं दुसरं टोक म्हणजे सांगलीच्या शिराळा तालुक्याकडून लागणारं चांदोली. २००४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. युनेस्कोच्या २०१२ च्या यादीत दोन्ही आहेत, कासही आहे. इथे वासोट्यासारखं पायी भटकता येत नाही. मणदूरच्या बाजूने वनखात्याच्या परवानगीने, गाईड घेऊन गाडीतून जायचं.

गाईडच्या तोंडी गोठणे, निवळे, सोनार्ली अशी नावं येतात. ही जंगलातली ठिकाणं वाटतात, पण ती गावं होती. माणसं उठली आणि त्यांच्या शेतांची गवताळ कुरणं झाली. गवे आणि सांबरं चरायला तिथेच येतात, म्हणून सफारीत ‘सायटिंग’ही बऱ्याचदा तिथेच होतं. ज्याला आपण निसर्ग म्हणून फोटोत पकडतो, त्यातलं मोकळं रान कुणाच्या तरी बापजाद्यांनी साफ केलेलं असतं.

२०१८ मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ दिसला. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण आणली गेली. नवीन जागेची सवय व्हावी म्हणून तिला आधी कुंपणात ठेवलं, ते सोनार्लीतच.