ज्वालारोधक रसायने आणि बंगळुरूचा ई-कचरा

माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे बंगळुरूचे नाव जगभर गेले. निकामी झालेले संगणक मात्र गौरीपाळ्यासारख्या दाट वस्त्यांत सुटे केले जात आले आहेत. तांबे काढण्यासाठी तारा जाळल्या जातात, आणि धुरातून केवळ शिसेच बाहेर पडते असे नव्हे.

संगणकाचे प्लॅस्टिक आवरण पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने घातली जातात. पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर (पीबीडीई) हा त्यांतील बहुचर्चित गट. ही द्रव्ये प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. त्यामुळे ती धुळीत उतरतात, श्वास व अन्नावाटे शरीरात जातात आणि मेदात साठतात. त्यांची रचना थायरॉईड संप्रेरकाशी मिळतीजुळती असल्याने त्या संप्रेरकाच्या कार्यात अडथळा येतो. गर्भाच्या मेंदूची वाढ याच संप्रेरकावर अवलंबून असते, आणि ही द्रव्ये वारेतून गर्भापर्यंत व दुधातून अर्भकापर्यंत पोहोचतात. मातेच्या रक्तातील पीबीडीईचा मुलांच्या एकाग्रतेशी व बुद्ध्यंकाशी असलेला संबंध अमेरिकेतील अभ्यासांत आढळला आहे. उघड्यावर जाळल्यास यांतूनच ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन तयार होतात.

बंगळुरूतील ई-कचरा केंद्रांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातीत शिसे, कॅडमियम यांबरोबर अँटिमनीचेही वाढलेले प्रमाण नोंदवले गेले. अँटिमनीचे ऑक्साइड ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांना पूरक म्हणून वापरतात, हे येथे लक्षात घ्यावे.

कायदा नाही, असे नाही. २०११ च्या नियमांनी नव्या उपकरणांतील पीबीडीईवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. ती १ मे २०१४ पासून लागू झाली. तत्पूर्वीची उपकरणे अजूनही भंगारात येत आहेत. शहरालगत दोबासपेट येथे २००५ पासून अधिकृत पुनर्चक्रण प्रकल्प आहे. परंतु धूरशोधक यंत्रणा, हातमोजे यांचा खर्च अधिकृत उद्योगाला उचलावा लागतो, वस्तीतील कारागिराला नाही. साहजिकच कारागीर ग्राहकाला अधिक भाव देऊ शकतो. आरोग्याची किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

२०२२ च्या नियमांनुसार उत्पादकाची जबाबदारी प्रमाणपत्रांद्वारे मोजली जाते. ती प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या धातूंसाठी मिळतात. ज्वालारोधके ज्यात असतात ते प्लॅस्टिक त्यांत नाही. माझ्या मते ही उणीव गंभीर आहे. कारण ज्याला प्रमाणपत्राचे मोल नाही ते काळे प्लॅस्टिक दळून पुन्हा बाजारात येते. २०१७ मध्ये भारतासह २६ देशांतील खेळण्यांच्या पाहणीत बहुतेक नमुन्यांत हीच रसायने आढळली होती.