नियम पोरांनी केलेले

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावसारख्या गावात विकतची खेळणी नाहीत म्हणून पोरांचा खेळ अडत नाही. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी होते, फुटक्या कौलांची लगोरी रचली जाते. आपले कौतुक एवढ्यावरच थांबते. खरी निर्मिती मात्र नियमांत असते. गडी कमी पडले की डाव बदलतो, जागा अरुंद असली की हद्द बदलते. धाकटे पोर 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात राहते, बाद होत नाही. खेळणारेच घटना समिती, खेळणारेच पंच! (वस्तीवरच्या पोराला डावात न घेणारीही असतात, तो धडा ती घरून शिकून आलेली असतात.)

मोठ्यांपैकी हे ओळखले ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डीला त्यांची बालवाडी सुरू झाली. आदिवासी पोरे गुरे राखायला जातात, शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने आली.

आणि आपण? बालहक्क करारातील कलम ३१ खेळाचा हक्क सांगते, तो करार भारताने १९९२ साली स्वीकारला. तरी १४ एप्रिलला पोरांना गप्प बसवून आपण दोन तास सत्कार करतो. तेच व्यासपीठ, तेच हार, तीच भाषणे. पुढच्या जयंतीत एक तास पोरांकडे द्या. काय करायचे, कसे करायचे ते त्यांनाच ठरवू द्या. कार्यकर्त्यांनी फक्त सतरंज्या उचलाव्यात.